टाइम ट्रॅव्हल आणि भांडकुदळ भावंडं: वाचक नेमका कुठे सुटतो?

तुमचा प्रश्न आधी मला समजला तसा सांगते. तुम्ही लिहिताय, मित्र चित्रं काढतोय, 6 अंकांची मालिका ठरलीये. चार भावंडं, प्रत्येकाकडे काहीतरी चमत्कारिक शक्ती, आजोबांनी बनवलेलं काळात फिरायचं यंत्र, आणि ही सगळी लहान असताना घर सोडून गेलेली आई. धाकटी तिला अडवायला भूतकाळात जाते आणि तिथून घोळ सुरू होतो. पहिल्या अंकात काळ पाच वेळा बदलतो, ज्यांना वाचायला दिलं ते म्हणतात मजा येते पण काही कळत नाही. आणि तुमचं म्हणणं असं की अंब्रेला अकॅडमी हे कॉमिक ह्याच्यापेक्षा दुप्पट येडचाप आहे तरी ती कशी काय कळते.

मी कॉमिक्सच्या स्क्रिप्ट एडिट करते, त्यामुळे "टाइमलाइन कळत नाही" ही तक्रार माझ्याकडे खूपदा येते, आणि बहुतेक वेळा तक्रार टाइमलाइनची नसतेच. वाचक तारखांमधे अडकत नाही हो, तो अडकतो तेव्हा त्याला हे कळत नसतं की ह्या पानावर कोण कोणावर चिडलंय आणि का. ते कळलं की तो तारखेकडे बघतही नाही, आणि ते नाही कळलं तर कोपऱ्यात "तीन वर्षांपूर्वी, मंगळवार, दुपारी" असं कितीही लिहा, त्याच्या डोक्यात शिरत नाही.

अंब्रेला अकॅडमीचंच बघू, तुम्ही नाव काढलंच आहे तर. ज्यांनी फक्त नेटफ्लिक्सवर पाहिलीये त्यांच्यासाठी: मूळ कॉमिक 2007 मधे डार्क हॉर्सने काढलं, लेखक जेरार्ड वे, म्हणजे माय केमिकल रोमान्स ह्या बँडचा गायक (तो न्यूयॉर्कच्या स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्समधे शिकलेला, त्यामुळे हौशी सेलिब्रिटी प्रोजेक्ट समजू नका), चित्रं ब्राझीलच्या गेब्रिएल बा ह्याची, रंग डेव्ह स्टुअर्टचे. पहिली मालिका अपोकॅलिप्स स्वीट 6 अंकांची, तिला 2008 चं आयस्नर, म्हणजे कॉमिक्सचं मोठं पारितोषिक, मिळालं, मग 2008-09 मधे डॅलस, परत 6 अंक, आणि मग थेट 2018 मधे हॉटेल ऑब्लिव्हियन. आता सुरुवात ऐका. एक कुस्तीगीर अंतराळातून आलेल्या स्क्विडला कोपर मारून लोळवतो आणि त्याच क्षणी जगभरात 43 मुलं जन्माला येतात, अशा बायकांना ज्यांना गरोदर असल्याचं एकही लक्षण नव्हतं. सर रेजिनाल्ड हार्ग्रीव्ज नावाचा अतिश्रीमंत माणूस, जो मुळात माणूस नाहीच, त्यातली सात दत्तक घेतो, जग वाचवायला. पोरांना नावाच्या आधी नंबर देतो. घरात बोलणारा चिंपांझी आहे आणि आई म्हणून शिंप्याकडच्या पुतळ्यासारखं शरीर असलेली एक बाई.

हे सगळं वाचून डोकं गरगरायला पाहिजे, पण गरगरत नाही, कारण ह्यातली एकूणएक विचित्र गोष्ट घरातल्या कुठल्या तरी दुखण्याला चिकटलेली आहे. नंबर म्हणजे बापाने लावलेली लायकीची क्रमवारी, आणि एक नंबर आणि दोन नंबर आयुष्यभर त्यावरून एकमेकांना खातात. थोरल्या ल्यूथरचं शरीर गोरिलाचं का? मोहिमेत तो मरायला टेकला आणि बापाने त्याचं डोकं उचलून गोरिलाच्या धडावर बसवलं. जीव वाचवला, पण विचारलं नाही. आपल्यासाठी सगळं करणारा आणि आपल्याला काहीही न विचारणारा बाप, हे समजायला कुठलाही सायन्स फिक्शनचा वाचक असायची गरज नाही. सातवी व्हान्या, तिला लहानपणापासून सांगितलेलं की तुझ्यात काही खास नाही, तू बाजूला उभी रहा. आणि मग जगाचा अंत कुठून येतो? स्पॉयलर आहे पण पुस्तक जुनं आहे, आता चालतं: बाजूला उभ्या केलेल्या तिच्याकडूनच. म्हणजे परग्रहावरून हल्ला वगैरे काही नाही, घरात एका पोरीकडे कोणी लक्ष दिलं नाही म्हणून जग बुडायला लागतं. माझ्या मते अख्ख्या मालिकेचं इंजिन ते आहे, टाइम ट्रॅव्हल त्या इंजिनावर चालतं.

आता टाइम ट्रॅव्हलकडे येते. पाच नंबरचा मुलगा, ज्याला कॉमिकमधे स्वतःचं नावच नाही, लहानपणी पुढच्या काळात उडी मारतो आणि तिथे अडकतो, जग संपलेलं असतं, एकटा म्हातारा होतो, मग परत येतो तेव्हा शरीर दहा वर्षांच्या पोराचं आणि मन साठीच्या घरातल्या माणसाचं. इकडे बाकीची भावंडं तिशीत पोचलीयेत, बाप नुकताच मेलाय. ह्या एका चालीने काय झालं बघा. घरातला क्रम मोडला. दिसायला सगळ्यात धाकटा तो, पण वयाने सगळ्यांच्यात मोठा, कदाचित त्या घरात पहिल्यांदाच एखादा खरा वडीलधारा माणूस आला आणि तो हाफ पँटमधे आहे. वाचकाला ह्यातला पॅराडॉक्स, म्हणजे काळाचा पेच, समजवायला एक ओळ लागत नाही, कारण थोरल्याने दरडावायचं आणि धाकट्याने ऐकायचं हे आपल्या अंगात मुरलेलं असतं आणि ते उलटं झालं की फ्रेम बघताक्षणी कळतं.

आपल्याकडे ही आयडिया फार जुनी आहे बरं का. ककुद्मी राजा मुलगी रेवतीला घेऊन ब्रह्मदेवाकडे जातो, हिच्यासाठी स्थळ सुचवा म्हणून, तिथे गाणं चाललेलं असतं म्हणून थोडा थांबतो, आणि मग ब्रह्मदेव हसून सांगतो की बाबा रे, तू मनात धरलेली सगळी मुलं केव्हाच गेली, खाली 27 चतुर्युगं उलटली. शेवटी लग्न बलरामाशी होतं, आणि विष्णुपुराणात तर ती जुन्या युगातली म्हणून एवढी उंच असते की तो नांगराच्या टोकाने तिला बेताची करून घेतो. हे मी नुसतं कौतुकाने सांगत नाहीये. त्या गोष्टीत काळाचा नियम एका वाक्यात संपतो, आणि लक्षात राहतो तो लेकीसाठी स्थळ शोधायला गेलेला आणि परत येईपर्यंत सगळी ओळखीची माणसं संपलेली असा बाप. टाइम ट्रॅव्हलचं कारण घरगुती आणि त्याची किंमतही घरगुती. तुमच्या स्क्रिप्टला मी पहिला प्रश्न हाच विचारेन: प्रत्येक उडीचं कारण घरातलं आहे का, आणि तिची वसुली घरातूनच होते का?

तुमच्या पाच उड्यांपैकी, तुम्ही जेवढं सांगितलंय त्यावरून, अशी एकच आहे, धाकटीची. बाकीच्या यंत्र कसं चालतं ते दाखवायला टाकल्यात असं वाटतं. त्या काढा. खरंच काढा, पहिल्या अंकात दोनच काळ ठेवा: आता, आणि आई गेली तो दिवस. अंब्रेलाचा पहिला अंकसुद्धा मुळात तेवढंच करतो, पोरं दहा वर्षांची असताना पॅरिसमधे पिसाळलेल्या आयफेल टॉवरशी लढतात (हो, टॉवरशी, आणि आतमधे झॉम्बी रोबो झालेला गुस्ताव्ह आयफेल स्वतः असतो) आणि मग वीस वर्षं पुढे, बापाच्या मरणाची बातमी. एक मोठी उडी, ती पण वाचकाची, पात्रांची नाही. वाचकाला मधली वीस वर्षं स्वतः भरावी लागतात आणि तो भरतो, कारण त्याने लहानपणीची टीम पाहिलेली असते आणि आता हे सगळे एकमेकांशी धड बोलतही नाहीत हे पण तो बघत असतो.

तुमच्याकडे जे आहे ते ह्याहूनही भारी होऊ शकतं आणि तुम्ही ते वापरतच नाही आहात. आई गेली तेव्हा थोरला समजा बारा वर्षांचा होता आणि धाकटी पाळण्यात. म्हणजे चौघांच्या डोक्यात चार वेगळ्या आया आहेत. थोरल्याला तिचा आवाज, तिचा राग, ती जाताना झालेलं भांडण सगळं आठवतं, मधल्या दोघांना तुकडे, आणि धाकटीकडे आई म्हणून फक्त बाकीच्यांनी सांगितलेल्या गोष्टी. आता धाकटी मागे जाते आणि तिला जी बाई भेटते ती तिच्याच वयाची आहे, कदाचित लहानच, आणि ह्या चौघांपैकी कोणाच्याच आठवणीसारखी नाही. मला सांगा, ह्या प्रसंगात यंत्र कुठल्या तत्त्वावर चालतं हे कोण विचारणार आहे? आणि थोरल्याने इतकी वर्षं भावंडांना जे सांगितलं त्यात काही खोटं असेल तर ते इथे उघडं पडतं, म्हणजे टाइम ट्रॅव्हल थेट त्याच्या मुळावर. तो धाकटीला परत आणायला मागे जाईल, आणि वाचकाला वाटेल बहिणीच्या काळजीने जातोय.

डॅलस ह्या दुसऱ्या मालिकेत असंच केलंय. पाच नंबर अडकलेला असताना टेम्प्स एटर्नॅलिस नावाच्या एका संस्थेने त्याला काळात फिरणारा मारेकरी बनवलेलं असतं, तिचा साहेब म्हणजे काचेच्या भांड्यातला एक गोल्डफिश, आणि काम काय तर 22 नोव्हेंबर 1963 ला अमेरिकेचा अध्यक्ष केनेडी मरतो हे नक्की करायचं. तो ते काम टाकून पळतो, म्हणून संस्था मागे लागते, आणि मग अर्धी भावंडं ही हत्या घडवायला आणि अर्धी ती थांबवायला डॅलस शहराकडे. थांबवायला निघालेले तर चुकून काही वर्षं आधीच्या व्हिएतनाममधे जाऊन पडतात. एवढा गुंता, आणि तरी सूत्र साधं आहे की भावंडं दोन बाजूंना आहेत. दुसरं, तारीख कुठली निवडली बघा. अमेरिकन वाचकाला 1963, डॅलस, उघडी गाडी एवढं दिसलं की पुढचं सगळं माहीत आहे, एकही पान समजवण्यात जात नाही. ह्यावरून मी काढलेला नियम असा की मागे जायचं तर एकतर जगाला पाठ असलेल्या दिवशी जा, नाहीतर फक्त त्या घराला माहीत असलेल्या दिवशी जा. मधलं काही, म्हणजे तुम्ही तिसऱ्या अंकात जो काल्पनिक युद्धाचा दिवस टाकलाय तो, तो आधी शिकवावा लागतो आणि मग त्यात बदल झालेला दाखवावा लागतो, दुप्पट पानं जातात आणि भावना निम्म्यावर येते. मी असते तर उडवला असता.

नियमांबद्दल थोडक्यात, कारण ह्यावर लोक उगाच महिने घालवतात. आजोबांना मारलं तर मी जन्मलो कसा, हा जुना पेच सोडवायचे ढोबळ तीन रस्ते आहेत: भूतकाळ बदलतच नाही, बदलतो आणि आत्ताचं जग पण बदलतं, किंवा बदललं की नवीन फांदी फुटते. कुठलाही एक घ्या. फांद्यांचा रस्ता कौटुंबिक गोष्टीला मला स्वतःला आवडत नाही, कारण मग एक आई गेली तरी दुसऱ्या फांदीवर आहेच, आणि पश्चात्तापाला काही वजनच राहत नाही. नियम फक्त एका पात्राला माहीत असू द्या आणि तो पण अर्धवट. आणि उडीची किंमत ठरवा, जी अंगावर दिसेल अशी. पाच नंबरची किंमत त्याचं शरीर आहे, प्रत्येक फ्रेममधे समोर उभं. "यंत्राची ऊर्जा संपत आली" ही किंमत नाही, तो नुसता अडथळा आहे आणि वाचकाला माहीत असतं की ऐनवेळी ऊर्जा मिळणार.

आता पानावर कसं करायचं, आणि हे मित्राला पण वाचायला द्या, खरं काम त्याचं आहे. कॉमिकमधे काळ म्हणजे जागा. सिनेमात गेलेला क्षण गेला, इथे तो त्याच पानावर डावीकडे अजून बसलेला असतो, वाचकाची नजर मागे जाऊ शकते, दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या पट्टीत एक सेकंद जातो की वीस वर्षं हे तुम्ही ठरवता. म्हणून काळ बदलताना कॅप्शन हा शेवटचा उपाय असावा. आधी आकार वापरा: तीच खोली, तोच कोन, तीच खिडकी, फक्त माणसं मोठी झालेली. वाचक खोली ओळखतो आणि फरक स्वतः शोधतो, शोधल्यावर त्याला ते सांगितल्यासारखं वाटत नाही. मग सिल्हूट, म्हणजे नुसती काळी बाह्याकृती. गेब्रिएल बाने काढलेली माणसं बघा, टोकदार, काळ्या सावल्यांचे मोठे ठोकळे, ल्यूथर लांबून नुसत्या आकारावरून कळतो. तुमच्या चौघांचे लहानपणचे आणि मोठेपणचे आकार मित्राला नुसते काळे भरून एका कागदावर काढायला सांगा. नाकीडोळे न बघता कोणता लहान कोणता मोठा झाला हे जुळलं पाहिजे. एखादी उभं राहायची ढब, वाकडा खांदा, केसांचा भोवरा, काहीतरी आयुष्यभर तसंच राहिलं पाहिजे. हे जुळत नसेल तर पुढे लेखक म्हणून तुम्ही कितीही आपटा.

रंगाचं एक सांगते: भूतकाळ म्हणजे तपकिरी पिवळा असं करू नका, सगळे करतात आणि जुन्या फोटोचा वास येतो. मागे गेलेल्या माणसासाठी तो काळ जुना नसतोच, तो त्याचा आत्ता असतो. हवं तर उलट करा, आत्ताचं घर फिकं आणि आई असलेलं घर भडक. प्रत्येक काळाला रंग भरणाऱ्याने एकच रंग वर्ज्य केला तरी पुरतं, म्हणजे समजा आत्ताच्या पानांवर लाल कुठेच नाही, आणि धाकटी परत येते तेव्हा तिच्या अंगावर लाल काहीतरी असतं. अक्षरांच्या फुग्यांचंही तसंच, प्रत्येक काळाला वेगळा फॉन्ट देऊ नका प्लीज, वाचताना ठेच लागते.

पान उलटण्याचा वापर करा. छापील अंकात डाव्या पानावर काय येणार हे वाचकाला उलटेपर्यंत दिसत नाही, म्हणून काळाची उडी तिथे ठेवायची, उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत हात यंत्राकडे, पान उलटलं की दुसरं आकाश. तुम्ही मोबाइलवर उभं स्क्रोल करायचं म्हणत असाल तर पान उलटणं नाही, पण लांब रिकामी जागा आहे, ती वापरा, बोट जितका वेळ सरकतंय तितका काळ गेला असं शरीरालाच वाटतं.

स्क्रिप्टच्या बाजूने एकच तक्ता ठेवा. प्रत्येक पात्राची दोन घड्याळं: जगाचं वर्ष, आणि त्या माणसाने स्वतः जगलेलं वय. प्रत्येक प्रसंगाला दोन्ही लिहायची, आणि तिसऱ्या रकान्यात त्या क्षणी तो कोणावर का चिडलाय. हा तिसरा रकाना भरता आला नाही तर तो प्रसंग बहुतेक माहिती द्यायला आलाय. अमेरिकन मासिक अंक साधारण 20-22 पानांचा धरतात, 6 अंक म्हणजे 130 च्या आसपास पानं, ऐकायला खूप वाटतं पण चार भावंडं आणि दोन काळ ह्यात ती कधी संपतात कळत नाही.

शक्तींबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण मला बोलायचंय. तुमच्या चौघांच्या शक्ती आत्ता आपापसात अदलाबदल केल्या तरी गोष्ट तशीच राहील, हे वाईट लक्षण आहे. अंब्रेलात त्या सातांतली ॲलिसन खोटं बोलते आणि ते खरं होतं, म्हणजे तिच्या कुठल्याही नात्यावर तिला स्वतःला विश्वास ठेवता येणार नाही, आणि तिचा गळा बहिणीच्याच, व्हान्याच्याच, हातून कापला जातो. भाऊ क्लाउसची शक्ती अनवाणी असतानाच चालते, हे नुसतं चक्रमपणाचं आहे आणि मस्त आहे, सगळ्यालाच अर्थ पाहिजे असं नाही. दोन नंबरचा डिएगो कितीही वेळ श्वास रोखू शकतो, ही सुपरहिरोची शक्ती म्हणून हास्यास्पद आहे, पण सतत काहीतरी आत दाबून धरलेल्या माणसाला शोभते. तुमच्या थोरल्याला ताकद दिलीये, ती काढून दुसऱ्यांच्या आठवणी पुसायची शक्ती द्या, बघा गोष्ट कशी एकदम घट्ट होते.

आणि विचित्रपणा. तुम्ही लिहिलंय की विनोद जमत नाहीये, पात्रं विचित्र गोष्टी बघून "हे काय चाललंय!" म्हणतात. म्हणू देऊ नका. त्या घरात वाढलेल्यांना ते विचित्र नाहीच, चिंपांझीने दार उघडलं तर ते त्याला कसा आहेस विचारतात आणि आत जातात. गोल्डफिश साहेब आहे तर आहे, त्याचे हुकूम गंभीरपणे घेतले जातात. विनोद वाचकाला एकट्याला कळला पाहिजे. फक्त एक सांभाळा, ज्या पानावर भावंडांचं खरंखुरं भांडण आहे त्या पानावर नवीन विचित्र गोष्ट आणू नका, जुन्या चालतील. गोरिलाचं धड एव्हाना ओळखीचं झालेलं असतं, म्हणून त्या धडाचा माणूस बापाबद्दल बोलताना आपण हसत नाही.

नेटफ्लिक्सच्या मालिकेकडे बघून वेग ठरवू नका, हेही जाता जाता. 2019 ते 2024, चार सीझन, तिथे नटांचे चेहरे आणि गाणी आहेत, एका जेवणाच्या टेबलावर दहा मिनिटं काढता येतात. कॉमिकमधे ते टेबल एका पानात संपवायचं आणि दाणकन पुढे जायचं, वाचकाला पाहिजे तर तो त्या पानावर स्वतः थांबेल.

तर आत्ता करायचं काम एवढंच: पहिला अंक दोन काळात बसवा, युद्धाचा दिवस काढा, थोरल्याचं खोटं काय होतं ते ठरवा आणि ते तिसऱ्या अंकाच्या शेवटच्या पानाच्या आधी कोणालाही कळू देऊ नका, धाकटीला तर नाहीच. शेवटी आई परत येते की नाही ते आत्ता ठरवू नका, मित्राने तिचा चेहरा काढू दे आधी.